तात्पुरती दुरुस्ती

दसऱ्याच्या सकाळी हेमलताबाई चौगुले यांच्या चौतीस वर्षांच्या कामाचा निकाल फोनवर लागला आणि तो शून्य निघाला.

“बाई, हजेरी पूर्ण झाली,” नाशिकहून ऋतुजा सांगत होती. “शेजार वापरणारं जगात कुणी उरलं नाही. एकही नाही. सुटलात तुम्ही.”

बाईंच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात श्रीखंडाचा चमचा. त्यांनी आधी चमचा तोंडात घातला आणि मग नाक ओढलं.

“रडताय का?”

“छे गं. वेलदोडा जास्त पडलाय.”

ऋतुजा लाटकर हिला काही ते पटलं नाही. सांगलीच्या तंत्रनिकेतनात बाईंनी तीस वर्षं संगणक शिकवला होता, आणि पहिल्या बाकावर बसून त्यांच्याशीच वाद घालणारी ही मुलगी पुढे त्यांची सहकारी झाली होती. आता ती अडतीस वर्षांची होती आणि ज्या यंत्रणेची प्रमुख होती तिचं नावच वानप्रस्थ होतं. बाईंच्या लाडक्या लेकराला वानप्रस्थात धाडायचं काम त्यांच्याच लाडक्या विद्यार्थिनीच्या वाट्याला आलं होतं. दोघींनाही ते टोचत होतं आणि दोघीही ते वेलदोड्यावर ढकलत होत्या.

हे लेकरू म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. औदुंबर ही संगणक चालवणारी प्रणाली. ती कुणा कंपनीच्या मालकीची नाही. देशोदेशीच्या हौशी माणसांनी फावल्या वेळात लिहिलेली, कुणीही फुकट घ्यावी, उघडून पाहावी, वाटलं तर दुरुस्त करावी अशी. त्या औदुंबरात शेजार नावाचा एक जुना तुकडा होता. एका संगणकानं दुसऱ्याच्या कपाटात हात घालून हवी ती फाइल घ्यावी, एवढंच त्याचं काम. शेजार लिहिला गेला तेव्हा संगणक थोडे होते आणि त्यांची माणसं एकमेकांना ओळखत होती. त्यामुळे त्याच्या दाराला कुलूप नव्हतं. परवलीचा शब्द होता, पण तो भर रस्त्यात मोठ्यानं सांगावा तसा तारेतून उघडा जायचा. बाईंनी बत्तिसाव्या वर्षी या तुकड्याची देखभाल आपणहून अंगावर घेतली आणि तेव्हापासून त्याच्या तक्रारी, त्याची दुखणीखुपणी त्याच बघत आल्या.

पुढे जग बदललं. कुलूपवाली नवी साधनं आली, माणसं तिकडे गेली, पण जुनं दार कोट्यवधी यंत्रांत तसंच उघडं राहिलं. कुणी सांगावं, कुणी वापरत असेल तर? सहा वर्षांपूर्वी याच दारातून एक किडा एका जिल्ह्याच्या दवाखान्यात शिरला आणि तिथले केसपेपर तीन दिवस बंद पडले. कुणी दगावलं नाही. पण त्याच्या आदल्याच वर्षी औदुंबरची समिती शेजार काढायला निघाली होती आणि बाईंनी आपल्या अधिकारात ‘मी सोडत नाही’ असा शेरा मारून तिला थांबवलं होतं. सांभाळणाऱ्यानं तो शेरा मारला की औदुंबरात कुणाचंच काही चालत नाही. दवाखान्याची बातमी आली तेव्हापासून महिनाभर बाईंना अन्न गोड लागलं नाही.

वानप्रस्थ उभं राहिलं ते त्यानंतर. वर्षातून एक दिवस जगातल्या सगळ्या औदुंबर यंत्रांना एकच प्रश्न जातो: आज या जुन्या साधनातून कुणाशी बोललास का? उत्तर नुसतं हो किंवा नाही. रोज विचारणं म्हणजे लोकांच्या घरात डोकावणं, म्हणून एकच दिवस. यंत्र त्या दिवशी बंद असेल, तर ते जागं झाल्यावर त्याची डायरी पाहायची. शेवटचं बोलणं रीतसर निरोप घेऊन संपलं असेल, तर ते ‘रजेवर’ समजून मोजायचं. मध्येच तुटलेलं बोलणं मात्र धरायचं नाही, कारण चोर निरोप घेऊन जात नाहीत. एक जरी ‘हो’ आला, तरी तिथे आधी दुभाषी बसवायचा. दुभाषी हे त्या काळाचं नवल होतं. दोन यंत्रांमधलं बोलणं तो गुपचूप ऐकत राहतो, त्यांची बोली शिकतो आणि मग दोघांच्या मध्ये उभा राहून तेच बोलणं कुलूपबंद करून पोचवतो. म्हातारं यंत्र आपल्या बोलीत बोलत राहतं आणि उघडं दार मात्र बुजवता येतं. हजेरीत शून्य आलं, तर एकविसाव्या दिवशी तुकडा काढून टाकायचा. औदुंबरची यंत्रं आपोआप ताजी होतात, आणि ताजं न झालेलं यंत्र कायद्यानं जाळ्यावर घेतलं जात नाही. त्यामुळे तुकडा गेला की जगभरातून एकदमच जातो.

एकविसावा दिवस यंदा दिवाळीच्या पाडव्याला येत होता.

कोजागरीच्या आदल्या दिवशी पोस्टमननं एक मोठं, जाड, बिनतिकिटाचं पाकीट आणून दिलं. अंधांच्या साहित्याला टपालखर्च नसतो. पाकिटात वाळलेलं आपट्याचं पान होतं आणि उठावाच्या ठिपक्यांनी भरलेला जाड पांढरा कागद होता. बार्शीच्या ब्रेल छापखान्याचे सिद्राम कोरे, ज्यांना सगळे अप्पा म्हणत, दरवर्षी असा कागद पाठवायचे. दसऱ्याला यंत्र सुरू केलं की पहिलं पान बाईंचं. हे बाविसावं होतं. बाईंना ब्रेल येत नव्हतं. शुभेच्छा असणार, दुसरं काय. त्या कागदावरून प्रेमानं हात फिरवत, तो कपाटातल्या आधीच्या कागदांवर ठेवत आणि अप्पांना फोन करत.

आज त्या हात फिरवता फिरवता थबकल्या. हा कागद दसऱ्याला छापलाय. छापखान्यातलं यंत्र शेजाराखेरीज दुसरी कुठलीही बोली बोलत नाही. मग चौदा तारखेच्या हजेरीत शून्य कसं?

“अप्पा, पत्र मिळालं. आनंद वाटला,” त्यांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. “एक विचारू? चौदा तारखेला तुमचं यंत्र चालू नव्हतं का?”

“चौदाला? खंडेनवमीला?” अप्पा चकितच झाले. “आवो बाई, खंडेनवमीला मशीन चालवतंय का कुणी? हत्याराची पूजा आसती. आदल्या दिशी सांजच्याला बटण काढलं, पुसून घेतली, हार घातला. दसऱ्याला सुरू केली.”

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. हजेरीच्या तारखेबद्दल समितीनं उन्हाळ्यात सगळ्यांना विचारलं होतं आणि बाईंनी तीन अक्षरी ‘चालेल’ कळवलं होतं. केरसुणी घ्यायची तरी कॅलेंडर बघणारी बाई, पण ही तारीख तिनं बघितली नाही. आणि चौदा तारखेला त्या स्वतः काय करत होत्या? आपल्या संगणकाला हळदकुंकू वाहून, तो झाकून, निवांत झेंडूचे हार ओवत होत्या.

ऋतुजानं सगळं ऐकून घेतलं. मग तिचा आवाज कामाचा झाला.

“माणसाच्या शब्दावर मला नोंद करता येत नाही, बाई. हा नियम कुणी करून घेतला?”

“मीच.”

“का?”

“कारण काहीही काढायला गेलं की कुणीतरी म्हणायचं, माझी आजी वापरते.”

“मग आता?”

“आता माझाच अप्पा वापरतोय,” बाई म्हणाल्या.

ऋतुजा हसली नाही. दुभाषी उघडा आहे, कुणीही घेऊन बसवावा, असं ती म्हणाली. पण बसवायचा तर त्याला यंत्राची पूर्ण बोली ऐकवावी लागेल. शेजाराच्या बोलीत चौसष्ट वाक्यं आहेत. जे वाक्य दुभाष्याच्या कानावर पडलं नाही, ते त्याला येत नाही, आणि एक जरी राहिलं तरी वानप्रस्थ त्याला पास करणार नाही. मग तिनं विचारलं, “आणि नाहीच जमलं तर? तुम्ही पुन्हा ‘सोडत नाही’ म्हणणार का?”

“ते आत्ता विचारू नकोस.”

“मला विचारावं लागतं.”

फोन ठेवल्यावर बाईंना वाईट वाटलं. ही मुलगी त्यांच्याशी इतकं तोलूनमापून कधी बोलली नव्हती. त्याहून वाईट हे, की तिच्या जागी त्या असत्या तर त्यांनीही हेच विचारलं असतं.

दुसऱ्याच दिवशी त्या विजेवरच्या एसटीनं बार्शीला निघाल्या. पिशवीत दुभाषी भरलेली डबी होती. सोबत त्यांनी बावीस कागदांची चळतही घेतली. आपण किती जपून ठेवलंय ते अप्पांना दाखवावं, असं मनात होतं. बावीस वर्षांत दोघं फोनवर पुष्कळ बोलले होते, भेटले मात्र नव्हते.

अंधशाळेच्या मागे पत्र्याच्या दोन खोल्यांत छापखाना होता. अप्पा दारातच उभे होते. त्रेसष्टीचे, उंच, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. जन्मापासून दृष्टी नसलेला माणूस दोन पेनं कशाला बाळगतो असं बाईंच्या मनात आलं, आणि तेवढ्यात अप्पांनी त्यातलं एक काढून, कागदाचे गठ्ठे घेऊन आलेल्या माणसाच्या पोचपावतीवर झोकात सही केली.

“या बाई. सांगलीची गाडी येळंवर आली म्हणायची. रुक्साना, पाणी आण.”

आतल्या खोलीत म्हातारी होती. बाईंपेक्षा वयानं लहानच, पण यंत्राच्या जातीत नव्वदीतली. परदेशातून आलेलं, लोखंडी पोटाचं ब्रेल छापायचं यंत्र. दर मिनिटाला पंधरा पानं काढताना ती अशी खडखडायची की पत्रे थरथरत. तसं यंत्र आता कुणी बनवत नव्हतं. मुलांना आता यंत्रं वाचून दाखवतात, ब्रेल कशाला, असं सगळे म्हणत.

“ऐकणं निराळं न् वाचणं निराळं,” अप्पा म्हणाले. “नुसतं ऐकून पोरास्नी ऱ्हस्वदीर्घ कळंना. गणिताचं तर नावच काढू नका. सात शाळांची दुसऱ्या सत्राची पुस्तकं हिच्यातनं निघायची हायती, दिवाळीची सुट्टी संपायच्या आत.”

बाईंनी पुस्तकं साठवलेला औदुंबरवरचा सर्व्हर आणि म्हातारी यांच्या मधल्या तारेत डबी जोडली आणि फोनवर चौसष्ट वाक्यांची यादी उघडली. छापखान्यातली मदतनीस रुक्साना हिनं कागद लावले. म्हातारीनं सर्व्हरचं दार ठोठावलं, आपलं नाव सांगितलं, सहावीचं विज्ञान मागितलं. यादीत टपाटप खुणा पडू लागल्या. दार उघड. कोण आहे. कपाटात काय काय आहे. हे दे. अजून दे. पुरे. संध्याकाळपर्यंत एकोणपन्नास वाक्यं झाली.

उरलेली सगळी संकटातली होती. यंत्र सुखात असताना ती बोलणार कशाला? म्हणून दुसऱ्या दिवशी तिघांनी मिळून म्हातारीचा रीतसर छळ मांडला. चालू असताना कागद ओढून काढला. झाकण उघडलं. तार उपटली. नसलेलं पुस्तक मागायला लावलं. एकच पुस्तक दोनदा मागायला लावलं. प्रत्येक वेळी म्हातारी करवादून थांबायची, काहीतरी बोलायची, यादीत एक खूण पडायची आणि अप्पांचा जीव खालीवर व्हायचा.

“बाई, हळू. म्हातारं माणूस हाय.”

“शेवटची तार, अप्पा.”

“मगा बी शेवटचीच म्हणला हुता.”

दुपारी चारपर्यंत त्रेसष्ट झाली. चौसष्टावं वाक्य होतं निरोप. काम संपवून यंत्र बंद होताना म्हातारी सर्व्हरला म्हणते, येते आता, आणि सर्व्हर तिला जाऊ देतो, ते. बाईंनी बंद करायची कळ दाबली. म्हातारी घुमली, पडद्यावर ‘निरोप’ असं आलं आणि सगळं तिथंच अडकलं. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. दुभाष्यानं खूण केली नाही.

“आडकली आसंल,” अप्पा शांतपणे म्हणाले. “ती आडकतीच.”

बाई खुर्चीत बसल्या. त्यांना थकल्यासारखं झालं होतं. त्यांनी अप्पांना सगळं उघड सांगून टाकलं. नुसता एक शेरा मारला, तर म्हातारी अशीच चालू राहील, पुस्तकं निघतील. पण जगभरातली ती सगळी दारंही उघडी राहतील. मग त्यांनी दवाखान्याचं सांगितलं.

अप्पांनी म्हातारीच्या झाकणावर तळवा ठेवला.

“त्या दवाखान्यात माझी भाची हुती, बाळंतपणाला,” ते म्हणाले. “काय न्हाई झालं, बरी हाय. पण माझ्या एका मशीनपायी समद्या दुनियेची दारं उघडी ठेवायची? न्हाई बाई. तसं नका करू. पोरं ऐकतील पुस्तकं. काय करणार.”

बाईंना हा माणूस त्या क्षणी सख्ख्या भावासारखा वाटला. त्यांनी पिशवीतली चळत काढून त्यांच्या हातात दिली.

“तुमची पत्रं. एकही हरवू दिलं नाही मी.”

अप्पांचा चेहरा उजळला. त्यांनी सर्वांत खालचा, सर्वांत जुना कागद काढला आणि त्यावर बोटं ठेवली. ठिपके बरेच झिजले होते. बोटं डावीकडून उजवीकडे सरकली आणि मध्येच थांबली.

“काय लिहिलंय?” बाईंनी विचारलं.

“म्हंजे?”

“मला ब्रेल येत नाही, अप्पा. शुभेच्छाच ना?”

अप्पांनी कागदावरून बोटं उचलली. “राहू द्या वो,” ते म्हणाले. “जुनं हाय.”

“वाचा.”

त्यांनी वाचलं. “दसऱ्याच्या शुभेच्छा. बाई, म्हातारी बंद करताना निरोप अडकतो. तुम्ही फोनवर म्हणालात की तात्पुरतं भिंतीवरचं मोठं बटण काढा, महिन्याभरात दुरुस्ती पाठवते. महिना झाला. घाई नाही.”

बाईंनी दुसरा कागद पुढे केला. “दसऱ्याच्या शुभेच्छा. यंदा भूगोल छापला. निरोपाचं तेवढं लक्षात असू द्या. घाई नाही.” तिसरा, चौथा, नववा. दरवर्षी कुठली पुस्तकं निघाली ते असायचं, आणि खाली तीच एक ओळ. बाविसावा कागद नवा कोरा होता. “निरोपाचं जमलं तर बघा. घाई नाही.”

“अहो, मग फोनवर का नाही बोललात?” बाईंचा आवाज चढला.

“तुमी एवढ्या मोठ्या कामातल्या. तोंडावर आठवण करणं बरं दिसत न्हाई. पत्रात घातलं का आपलं काम झालं.” अप्पा थोडे घुटमळले. “आन् तुमी दरसाल फोन करून म्हणायच्या की, पत्र मिळालं, आनंद वाटला. म्हणलं वाचलंय. करतील सवडीनं.”

रुक्सानानं तोंडाला पदर लावला. बाईंना हसावं की रडावं कळेना आणि त्यांनी दोन्ही केलं. या वेळी वेलदोड्याचं नाव घ्यायची सोयही नव्हती. बावीस वर्षं हा माणूस त्यांच्या तात्पुरत्या उपायावर इमानेइतबारे चालला होता. रोज संध्याकाळी भिंतीवरचं बटण काढत होता, रोज बोलणं निरोपाशिवाय तुटत होतं. म्हणून तर सर्व्हरच्या डायरीत एकही निरोप नव्हता आणि हजेरीनं म्हातारीला रजेवर न धरता चोरांत जमा केलं होतं. खंडेनवमीचा दोष अर्धाच होता. उरलेला अर्धा सांगलीच्या कपाटात, हळुवार हात फिरवून, नीट रचून ठेवलेला होता.

त्यांनी डोळे पुसले आणि तिथंच संगणक उघडला. शेजाराचा तो भाग त्यांनी स्वतः, वयाच्या चौतिसाव्या वर्षी लिहिला होता. चूक सापडायला दहा मिनिटं लागली. म्हातारी ‘येते’ म्हणायची आणि सर्व्हरनं सोडल्याशिवाय हलायची नाही. सर्व्हर ‘बरं’ म्हणायचा, पण ती गेल्याशिवाय सोडायचा नाही. दोघं उंबऱ्यात उभी राहून ‘आधी तुम्ही’ म्हणत बसायची.

“आपल्या दोघांसारखं,” बाई म्हणाल्या.

“व्हय की,” अप्पा म्हणाले.

दुरुस्ती सात ओळींची होती. ज्या तुकड्याला जगातून जायला पंधरा दिवस उरले होते, त्यातली ही शेवटची दुरुस्ती. बाईंनी ती तीनदा तपासली, नव्यानं लिहीत असल्यासारखी, आणि वर कारणाच्या जागी लिहिलं: ‘सिद्राम कोरे यांची तक्रार. बावीस वर्षं उशीर झाला.’

मग त्यांनी बंद करायची कळ अप्पांना दाबायला सांगितली. म्हातारी घुमली. पंखा मंदावला. पडद्यावर ‘निरोप’ आलं, मग ‘बरं, या’ आलं आणि खोली एकदम शांत झाली. पत्र्यावरचे कावळे ऐकू यायला लागले. बाईंच्या फोनवर चौसष्टावी खूण पडली.

अप्पांना मात्र चैन नव्हतं. अशी रीतसर ती कधी झोपलीच नव्हती. उठेल ना? दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला छापखाना उघडायचा, तर ते आठलाच दारात येऊन थांबले होते, आणि बाई त्यांच्याही आधी. बटण दाबल्यावर म्हातारीनं एक मोठा श्वास घेतला, खिळे जागच्या जागी खळखळले आणि तिनं दुभाष्याला आपल्या जुन्या बोलीत नाव सांगितलं. दुभाष्यानं ते कुलूपबंद करून सर्व्हरला पोचवलं. पहिलं पान बाहेर आलं तेव्हा अप्पांनी ते ओलं असल्यासारखं अलगद धरलं आणि बोटं फिरवली.

“सहावी, विज्ञान, पान एकशे बारा,” ते म्हणाले. “टिंब बी चुकलं न्हाई.”

बाईंनी अंगणात जाऊन ऋतुजाला फोन केला. वानप्रस्थानं दुभाष्याला पास केल्याचं ऋतुजानंच आधी सांगितलं. तिचा आवाज पुन्हा पहिल्या बाकावरचा झाला होता.

“बाई, मला भीती वाटत होती तुम्ही शेरा माराल.”

“मलाही,” बाई म्हणाल्या. “पण अप्पांनी मारू दिला नसता.”

त्यांनी तिथंच, कडुनिंबाखालच्या बाकावर बसून, समितीच्या पानावर शेजाराच्या नावासमोर लिहिलं: सोडते. एवढा एक शब्द लिहायला त्यांना बराच वेळ लागला. पाडव्याला औदुंबरची सगळी यंत्रं ताजी झाली आणि बाईंनी चौतीस वर्षं सांभाळलेला शेजार जगातून गेला. कुणाचंही काहीही बंद पडलं नाही. चांगल्या निवृत्तीची खूण तीच, पण बाईंना त्या दिवशी फराळ जरा कमीच गेला.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी बिनतिकिटाचं पाकीट आलं. आपट्याचं पान बाजूला ठेवून बाईंनी चष्मा काढला आणि खिडकीत बसून कागदावर बोट टेकवलं. वर्षभर त्या ब्रेल शिकत होत्या. अक्षरांचे कागद अप्पांनी पाठवले होते आणि रविवारी फोनवर ते धडा घेत. सदुसष्टाव्या वर्षी बोटं ऐकत नाहीत. पहिली ओळ वाचायला दहा मिनिटं लागली, सगळं पत्र व्हायला दुपारचे बारा वाजले.

‘दसऱ्याच्या शुभेच्छा. म्हातारीला निरोप देऊन झोपवली, आज उठली. दुभाषी चांगला आहे. पण पुस्तक जाड असलं की शेवटचं पान कधी कधी राहतं. गणिताची उत्तरं शेवटच्या पानावर असतात. मास्तर खूश आहेत, मुलं नाहीत. घाई नाही.’

शेवटच्या दोन शब्दांवरून बाईंनी बोट तीन वेळा फिरवलं. मग फोन लावला.

“अप्पा, पत्र मिळालं.”

“आनंद वाटला आसंल,” अप्पा म्हणाले.

“वाटला. शेवटच्या पानाचं संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून पाठवते.”

पलीकडे म्हातारीची खडखड चालू होती.

“वाचलं म्हणायचं तुमी,” अप्पा म्हणाले. “घाई न्हाई बाई.”

“आहे,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी संगणक उघडला.